वरचं दूध

पहिल्या वाढदिवसानंतरच्या मंगळवारी
हेल्थ व्हिजिटर आली, कॅरिस नावाची,
गळ्यात ओळखपत्र, बुटांना चिखल.
लाल वहीत ऋजूचं वजन टिपलं
आणि म्हणाली, आता गाईचं चालेल.
निळ्या झाकणाचं घ्या, सायीसकट.
बाटलीतून नको, कपातून.
आणि दिवसाला एवढंच, असं म्हणत
आमच्याच मगावर बोटानं रेघ ओढली.
जास्त झालं तर जेवणार नाही, रक्त कमी होईल.

मी मान हलवली.
मी स्वतः नर्स आहे, हीच वाक्यं
दुसऱ्यांच्या बायकांना सांगितलीत, हसत हसत.

जयसिंगपूरहून कुंदाताईंचा फोन:
गाईचं कशाला, म्हशीचं बघ की मिळतंय का.
निम्मं पाणी घाल. जायफळ उगाळ, दोनच वेढे.
आणि अंगावरचं तोड बाई आता,
काय राहिलंय तुझ्या अंगात.

दूध तोडायचं, म्हणतो आपण.
फांदी तोडावी तसं.
आणि बाहेरून आणलेलं ते वरचं.
वरचं म्हणजे कुठलं, हे मी इतक्या वर्षांत
एकदाही विचारलं नव्हतं.

इथं ते खिडकीतून दिसतं.
टावी नदीच्या काठी, कार्मार्थनच्या उतारावर
काळ्यापांढऱ्या चाळीसेक गाई,
कानांत पिवळे बिल्ले.
फाटकाशी प्रोसरचं मशीन आहे,
कार्ड टेकवलं की काचेच्या बाटलीत दूध उतरतं,
तापवून निववलेलं, तशी पाटीच आहे.
बाटलीवर दोन भाषा. वेल्श शब्द म्हणायला
जिभेच्या कडेनं वारा सोडावा लागतो.
पुष्करला जमतं.
पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये वासरं हंबरत होती.
प्रोसर म्हणाला, दोन दिवसांत गप्प होतात.
मी काही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ऋजूनं थुंकलं.
दुसऱ्या दिवशी कप पालथा करून
त्या पांढऱ्या थारोळ्यात तळवे आपटत बसली,
तिच्याइतकं खूश त्या घरात कुणी नव्हतं.
तिसऱ्या दिवशी कोमट करून दिलं, तर
कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
माझ्या कुर्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली,
हे.
रडून नाही. चुकलेल्या माणसाला सांगावं तसं.

चौथ्या दिवशी माझी बारा तासांची ड्यूटी.
दुपारी पुष्करचा मेसेज:
प्यायली. सगळं. वर ढेकर.
चादरींच्या खोलीत उभ्यानं वाचला
आणि वाचता वाचता पान्हा फुटला,
दोन्हीकडून,
युनिफॉर्मवर दोन काळपट वर्तुळं.
शरीराला कुणी कळवलंच नव्हतं.
फिलोमिना टॉवेल न्यायला आली,
तिनं प्लास्टिकचा एप्रन फाडून माझ्या गळ्यात घातला,
मागे गाठ मारली, बेतानं, सैल.
तिची दोन्ही मुलं कोट्टयमला वाढली.
कुणाजवळ, कुणाच्या दुधावर, तिनं कधी सांगितलं नाही.
म्हणाली, सहा नंबरची सलाइन संपत आलीय.

रात्री घरी आले तर कप धुऊन उपडा ठेवलेला,
बुडाशी पाण्याचं एक गोल.
ऋजू झोपलेली, वरच्या ओठावर
वाळलेली बारीक रेघ.
वाकून वास घेतला.
गवताचा म्हणावा की फ्रिजचा,
वाईट नव्हता.
माझा नव्हता.

पहाटे तीनला ती उठली, अंधारात चाचपत
माझ्या कुशीत शिरली.
पुष्कर झोपेतच म्हणाला, कप आणू का?
मी म्हटलं, उद्यापासून.

एवढ्या लांबून शेड ऐकू येत नाही.
ती झोपल्यावर मी खिडकी उघडून
खात्री करून घेतली.