उचल

चहा सोडून आज एकोणीस दिवस झाले.
मोजतोय, कारण कारखान्यात सगळेच मोजतात:
टॉवेलचे डझन, तुटलेले धागे,
आणि मल्लेशमच्या टपरीच्या फळीवर खडूने ओढलेल्या
माझ्या नावापुढच्या रेघा.

रात्रपाळीला आठ कप. कधी नऊ.
पहिला झोप मोडायला, दुसरा पहिल्याला सोबत,
तिसऱ्यापासून कारण लागायचं नाही.
पहाटे चारला हात असे थरथरायचे
की तुटलेला धागा दिसायचा, गाठ बसायची नाही.
मुकादम म्हणाला, का बे येमूल, म्हातारा झाला काय.

म्हातारा म्हणाला त्याचं काही नाही.
गाठीचं लागलं.
नायनानं शिकवलेली गाठ ती,
अंगठ्याखाली एक वळसा, नखाने चिमटा, संपलं.
डोळे गेल्यावरही तो मारायचा.

पहिले तीन दिवस डोक्यात धोटा फिरत होता,
सूत नसलेला, नुसता खडखडाट.
बायकोला बोललो, पोराला बोललो,
शेजारच्या गड्डमला काही कारण नसताना बोललो.
चौथ्या रात्री पाणी आलं.
आमच्याकडे ते असंच येतं, चार-पाच दिवसांनी,
रात्री दोनला, तासभर.
मला सुट्टी होती. नागमणी आणि मी
पिंप भरलं, हंडे भरले, शेवटी डाळीचं पातेलंसुद्धा.
पदराला हात पुसत ती म्हणाली,
नळ रोज येत नाही म्हणून आपण रडत बसतो काय?
धरून ठेवतो, पुरवून वापरतो.
अंगातलं तेवढं तुम्ही
चोवीस तास नळ असल्यासारखं सांडता.

मी बघत राहिलो. चौथी शिकलेली बाई,
दिवसाला हजार विड्या वळते.
चहा तिने कधी धरलाच नाही,
आणि मी कधी विचारलं नाही
की संध्याकाळपर्यंत तुझे हात चालतात कशावर.

ताकात कुस्करलेल्या शिळ्या भाकरीवर.
रात्री भिजत घातलेल्या मूठभर शेंगदाण्यांवर.
आणि दर शंभर विड्यांमागे ती सूप बाजूला ठेवते,
दारापर्यंत जाते, आभाळ बघते, परत येऊन बसते.
इतकी वर्षं मला वाटायचं,
कुणाची तरी वाट बघते.

आता पाळी सुटली की मी थेट घरी जात नाही.
केसांत सुताचा भुगा तसाच,
सिद्धेश्वर तलावाच्या कडेने एक फेरी मारतो.
नऊनंतर सोलापूरचं ऊन कुणाचंच नसतं,
पण सातला ते ओळखीचं असतं,
पाठीवर पडलं की कणा सरळ होतो.
घरी वाटीभर आंबील. खिडकीला ओली चादर, आपल्याच मागावरची.
मग सात तास झोप.
आधी चार होते, तेही उधारीचे.

उचल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.
दिवाळीला सेठकडून घेतली,
होळीपर्यंत पगारातून कापली गेली.
पैसे आपलेच, फक्त कमवायच्या आधी खाल्लेले.
ते आठ कप तेच करायचे.
उद्याचा दम आज हातावर ठेवायचे
आणि उद्या कापून घ्यायचे. हिशेब न दाखवता.

काल रात्री वीज गेली.
चोवीस माग एकदम थांबले,
एवढी शांतता की कान दुखले.
सगळे मल्लेशमकडे गेले. मीही गेलो.
खोटं कशाला बोलू, आलं ठेचल्याचा वास आला
आणि तोंडाला पाणी सुटलं.
मी बोलायच्या आधीच त्याने ग्लास विसळला होता.
पाणी दे, म्हटलं.
त्याने दिलं. खडू कानावरच ठेवून म्हणाला,
पाण्याला रेघ नाही बे.

वीज आली. पाच नंबरच्या मागावर ताणा तुटलेला.
अंगठ्याखाली वळसा, नखाने चिमटा.
बसली.
थरथर आहे अजून, गाठीला चालेल एवढी.

चार वाजता जांभई आली.
मी येऊ दिली.