पितळी पट्टी

एका ओळीत बावीस अक्षरं मावतात,
त्याहून वाढली की मशीन कुरकुरतं.
हॉस्पिटलची यादी येते मार्चमध्ये,
सरोवरावरचा बर्फ अजून फुटलेला नसतो,
आणि दुलुथमधला हा म्हातारा नावं कोरणारा
चष्मा पुसून कामाला बसतो.
बाकीचे आता लेझरनं छापतात.
माझं अक्षर बोटाला लागतं, म्हणून मला बोलावतात.

यंदा सात बायका.

होदन वर्समे, दुभाषी.
स्पेलिंगसाठी चार वेळा फोन केला,
चारही वेळा न वैतागता सांगितलं तिनं.
डॉक्टरचं वाक्य संपलं
की ती म्हणे एक श्वास थांबते
आणि मग सोमालीत बोलते.
शिफारसपत्रात कुणीतरी लिहिलंय :
बक्षीस त्या एका श्वासाला द्या.

पाहुआ लोर, श्वसनविभाग.
मुठीएवढी बाळं, सुतळीएवढ्या नळ्या.
तिच्याबद्दल एकच ओळ होती,
आईच्या अक्षरात, खाडाखोड केलेली.

आणि थेरेस डीफो, धुलाईखातं, चौतीस वर्षं.
चादरींच्या घड्यांतून कवळ्या निघतात, अंगठ्या निघतात,
एकदा तर एक पोपटी गोटी.
ज्याची त्याला पोचवल्याशिवाय ही घरी जात नाही.
बक्षिसाचं कळलं तेव्हा म्हणाली म्हणे,
"संध्याकाळी कार्यक्रम? मग मशीन कोण बघणार?"

प्रत्येक नावाखाली तेच : असाधारण सेवेसाठी.
सात वेळा असाधारण.
मनगट धरलं, तसा थांबलो,
आणि आठवी पट्टी उगाचच घासत बसलो.

तीन वर्षांपूर्वी, चौथा मजला, खोली ४१८.
इर्याला दोन दिवसांनी डोळा लागला होता.
मी खुर्चीत, पायात बूट तसेच.
लांबून सफाईची गाडी येत होती,
एक चाक किरकिरत,
जवळ, आणखी जवळ.
मी मुठी आवळल्या. आता ही जागी होणार.

किरकिर दाराशी येऊन थांबली.
अर्ध्या उघड्या फटीतून मला दिसलं :
बादली, पाणी, फडकी, सगळं भरलेलं,
आणि एका बाईनं कमरेत वाकून
गाडीची पुढची बाजू उचलली,
आमचं दार ओलांडेपर्यंत तशीच नेली,
मग हळूच टेकवली.
मला तिचे हिरवे बूट दिसले,
एका टाचेला चिकटपट्टी.
चेहरा नाही.

इर्या पहाटे चारपर्यंत झोपली.
पुढच्या दिवसांबद्दल मला बोलायचं नाही.

नाव मी विचारलं नाही.
नावांवर पोट भरतो मी,
आणि तेवढं एक विचारलं नाही.

परवा ऑफिसात फोन करून बघितला.
मुलगी सज्जन होती, शोधलं तिनं.
म्हणाली, "सफाई कंत्राटावर असते, काका,
त्या बायका आमच्या यादीत येत नाहीत."
येत नाहीत.
मी थँक्यू म्हटलं. आणखी काय म्हणणार?

आज सात पट्ट्या मऊ कापडात गुंडाळून पोचवल्या.
सभागृहात फुलं, केक,
थेरेस एकटी दाराजवळ उभी, घड्याळाकडे बघत.
बस म्हणाले मला, जेवून जा.
मी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेलो.

गाडी कोपऱ्यात होती. शेजारी एक पोरगी,
कानात गाणं, पायात पांढरे बूट.
हिरव्या बुटांची बाई? तिला माहीत नव्हतं.
ती नवीन. तिच्या आधीचीही नवीनच होती.
"चाक वाजतं का गं एक?"
"डावं. पण तुम्हाला कसं..."

कोटाच्या खिशातून तेलाची कुपी काढली.
गुडघे टेकताना भिंत धरावी लागली.
दोन थेंब. गाडी मागेपुढे केली.
अजून एक थेंब.
खाली बहुतेक टाळ्या सुरू झाल्या होत्या,
मला नीट ऐकू आलं नाही,
मी चाक ऐकत होतो.