तुली, तूली, तुल्ली

आधी फीत. भुवयांमधल्या खाचेपासून
मानेवरच्या उंचवट्यापर्यंत: चौतीस सेंटिमीटर.
मग टोपी, मग एकेका भोकातून गार जेल.
तूक्का दर वेळी खांदे आक्रसतो
आणि दर वेळी म्हणतो, आज नाही लागलं गार.

नऊ वर्षांचा. स्वतःच्या नावातच दोन्ही खड्डे,
लांब उकार आणि लगेच जोडाक्षर.
कधी एक क गाळतो, कधी एक उ वाढवतो,
पाय घसरू नये म्हणून.

तुली म्हणजे आग.
तूली म्हणजे वारा.
तुल्ली म्हणजे जकात, जिथे त्याचा बाप
तोर्निओच्या पुलाच्या तोंडाशी ट्रकांचे कागद बघतो.
आमच्या भाषेत एवढ्याशा थांब्यावर सगळं बदलतं.
गेल्या वर्षी निबंधात त्याने लिहिलं:
माझे बाबा आगीत नोकरी करतात.
वर्ग हसला. बाईंनी लाल खूण केली.
यार्क्को मला सांगताना म्हणाला, खोटं नव्हतं ते,
डिसेंबरात रांग लागते तेव्हा.

पडद्यावर एक होडी.
डोक्यातल्या मंद लाटा ओसरल्या की पुढे सरकते,
उसळल्या की थांबते. एवढंच यंत्र.
वल्हं नाही, बटण नाही.
'मग मी काय करू?' त्याने पहिल्या दिवशी विचारलं.
मी खरं ते सांगितलं: मला माहीत नाही,
तुझं तुलाच सापडेल.

अकराव्या खेपेपर्यंत होडी रुतल्यासारखी उभी.
तो दात आवळून बसायचा, आणि जबड्याचे स्नायू
माझ्या आलेखावर काटेरी कुंपण काढायचे.
बाराव्या दिवशी ती निघाली
ती थेट किनाऱ्याला लागली.
काय केलंस?
'काही नाही. बर्फातल्या भोकापाशी बसलो होतो,
गळ टाकून. बाबा बोलत नव्हते.'

लोक विचारतात, उपयोग होतो का याचा?
मी हात धुता धुता उत्तर देते, म्हणजे तोंड दिसत नाही.
काही अभ्यास हो म्हणतात, बरेच म्हणतात, अजून थांबा.
कधी वाटतं, आठवड्यातून दोनदा
कुणीतरी अर्धा तास, हातात लाल पेन न घेता,
या मुलाकडे नुसतं लक्ष देतं;
गुण त्यानेच येत असेल.
हे मी अहवालात लिहीत नाही.

पुलापलीकडे स्वीडन. तिथलं घड्याळ एक तास मागे.
'परीक्षा तिकडे दिली,' तूक्का केसांतलं जेल पुसत म्हणतो,
'तर मला एक तास जास्त मिळेल?'
यार्क्को, ज्याला मी या खोलीत हसताना पाहिलं नव्हतं,
दाराची चौकट धरून हसला.
मग हातमोज्यांकडे बघत म्हणाला,
मीही शाळेत असाच होतो. अजून प्रत्येक कागद
दोनदा वाचतो. ड्रायव्हरांना वाटतं, फार कडक आहे.

विसावी खेप. नगरपालिकेचे पैसे इथे संपतात.
मिनिटाला एकतीस शब्द होते, आता तेहतीस.
दोन शब्द.
कुठले दोन, त्याला तक्त्यात रकाना नाही.

टोपी धुऊन वाळत घातली. खिडकीतून पाहते:
त्यांच्या गाडीची काच पांढरीफट्ट गोठलेली,
तूक्का बोटाने तिच्यावर लिहितोय, तूली.
मागे सरून बघतो. पटत नाही.
पुसून पुन्हा लिहितो, आता एक उ वाढवून, मग अजून एक,
आणि एक, पार आरशापर्यंत.
आज वारा आहेही तेवढा लांब.

उशीर झालाय. खरवडणी हातात घेऊन
यार्क्को काचेसमोर उभा राहतो.
वाचतो.
मग पुन्हा एकदा वाचतो.