सातवा चॅनेल

रेडिओ तिने मांडीवर घेऊन आणला,
बारा व्होल्टची बॅटरी जोडूनच,
ताप आलेलं मूल आणावं तसा.
"वायर काढू नका. काढली की विसरतो."

उम्म अल क्वैनच्या मासळीबाजारामागे माझं दुकान.
एसीचं पाणी बादलीत गळतं,
बादली भरली की बिजूमोन ती बाहेरच्या कडुलिंबाला घालतो.
इथे येतात होड्यांवरचे वायरलेस,
खाऱ्या हवेने आतून हिरवे पडलेले.
ग्लायडरचा रेडिओ पहिलाच.
वाटीच्या तोंडाएवढा गोल चेहरा,
मागे वीतभर डबा, त्यावर अर्धं उडालेलं जर्मन स्टिकर.

पावतीसाठी नाव विचारलं.
मीरा.
मी मान वर केली.
"आमच्यात याचा अर्थ वेगळा," ती म्हणाली,
"वाटेत खायला बरोबर बांधून घेतात, ते."
मला लगेच शब्द सुचला, शिदोरी,
पण तो तिला सांगून काय उपयोग.

आधी सगळे आकडे उतरवून घेतले
बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीने.
टॉवर, क्लब, दुसरा क्लब, तोही बंद पडलेला.
सातव्याला ती थांबली.
१२२.६७५.
"हा कुणाचा?"
"आईचा."

मग स्टुलावर बसून, चहा निवू देत, सांगत राहिली.
बाबा वर, इंजिनाशिवाय,
तापल्या वाळूतून उठणाऱ्या हवेवर घारीसारखे गोल गोल.
खाली आई पिकअपमध्ये, मागे रिकामा लांब ट्रेलर,
शेजारच्या सीटवर हातातला रेडिओ.
हवा संपली की ते उतरत जमेल तिथे,
उंटांच्या कुंपणाशी,
एकदा कुणाच्या तरी कलिंगडांत,
आणि सातव्यावर विचारत, "कुठे आहेस?"
जणू हरवली होती ती.

दोन स्क्रू. मग अजून दोन, लपलेले.
कोपऱ्यात सेल, रुपयाएवढा,
पायांशी पांढरी बुरशी.
मीटर म्हणाला दोन पॉइंट एक.
कधीकाळी तीन असणार.

रीत सोपी आहे.
जुना काढण्याआधी बाजूने दोन पेन्सिल सेल जोडायचे.
जुना गेलाय, नवा अजून आला नाही,
तेवढ्यापुरतं कुणीतरी धरून ठेवायचं.
आकडे लिहिलेले होते, तरी जोडले.
नव्याच्या एका पायाला डाख दिला,
दुसऱ्याला देणार,
तर बिजूमोन बादली घेऊन आत आला,
दार कोपराला लागलं
आणि क्लिप सुटली.
आवाजसुद्धा झाला नाही.

चालू करून पाहिलं. एक ते नऊ,
सगळीकडे ११८.०००.
ती बाहेर फोनवर बोलत होती.

वेंगुर्ल्याला आमच्यासमोर पेडण्यांची पिठाची गिरणी.
फोन तिथेच, चार आकडी.
पहिली सात वर्षं इथून मी तो लावायचो,
आधी गिरणी बंद व्हायची,
मग आई बोलायची.
तो नंबर अजून माझ्या बोटांत आहे.
लावला तरी आता कुठे लागणार.

कागद पुढ्यात घेतला.
सातवा आधी भरला.
मग बाकीचे, चष्मा पुसून, दोनदा ताडून.

"सगळे आहेत?"
"नऊच्या नऊ."
बिजूमोन रिकाम्या बादलीत बघत राहिला.

सेल पंधरा दिरहॅम, मजुरी साठ.
बिल त्याच कागदावर केलं, सुलट्या बाजूला.
"हा नीट ठेवा," म्हटलं,
आणि ती समजली असावी
की मी बिलाबद्दल बोलतोय.

वायर तिनेच उपटली.
पाच मिनिटं आम्ही तिघं काही न बोलता उभे.
पुन्हा जोडली, बटण फिरवत सातवर नेलं.
१२२.६७५.
आवाज वाढवला.
नुसती खरखर.
तिने आणखी थोडा वाढवला.

आता गरज नव्हती,
तरी बॅटरी जोडूनच घेऊन गेली,
तसाच चालू,
गाडीत, मांडीवर.