खुडेलच्या पुढं

एकतीस वर्षं पोलोग्राउंडच्या वीज ऑफिसात
मी गावांची नावं टाइप केली.
तिल्लोर खुर्द, असरावद बुजुर्ग, पिवडाय,
सेमल्या चाऊ.
चाऊ म्हणजे काय, ऑफिसात कुणालाच सांगता आलं नाही.
बिलं जायची. गावं
रिबनवर उमटतील तेवढीच असायची.

निवृत्तीनंतर भाच्याची जुनी स्प्लेंडर घेतली,
अंबाड्यापायी हेल्मेट एक नंबर मोठं.
तिसरा गिअर खाकरतो,
मीही खाकरते, चालतं आमचं.

बायपास सोडून आत वळलं
की डांबराचं मन हळूहळू बदलतं:
आधी कडेनं सुटतं, मग मधून,
मग चाकांच्या दोन रेघा आणि मधलं गवत
सायलेन्सरला घासून करपणारं.
पुलाखाली म्हशी. वरून एक पोरगं ओरडतं,
"बाई गाडी चलई री!"
मी हॉर्न देते. तो वाजत नाही.
हात सोडून हलवावा एवढी धिटाई अजून नाही.

खुडेलच्या पुढं फोनवरची निळी रेघ
सरळ जात राहिली. मी थांबले.
समोर लसूण. उपटून, जुड्या बांधून
वाळत घातलेला, पार विहिरीपर्यंत.
"रस्तो कां ग्यो, दाजी?"
मराठीला मालवीचा सदरा चढवून विचारलं.
म्हातारा गाठ आवळत म्हणाला,
होता की. तुम्ही उभ्या आहात तोच.
नवा तिकडून झाला, मग हा पेरून टाकला.

पेरून टाकला.
मी खाली पाहिलं. टाचेखाली माती
अजून थोडी कडक होती.

त्यानं पाणी दिलं, नाव सांगितलं. भेरूलाल.
"भ पे मात्रा हे हो, बाई.
बिजलीवाला म्हारी मात्रा खई ग्या."
अकरा वर्षं बिलावर भरूलाल. सात अर्ज,
साती पोचपावत्या पत्र्याच्या पेटीत.

मला ती ओळ आठवली. खरंच आठवली.
तीन हॉर्सपॉवर, भरूलाल वल्द गंगाराम,
आणि पेन्सिलीतला शेरा: पुढील महिन्यात.
पाणी घशात अडकलं वगैरे नाही.
गार होतं, दोन तांबे प्यायले.

बांधावरून गाडी काढायची
तर पुढं कुणीतरी हवं. तो चालला,
मागे न बघता हातानं दाखवत, धीरे, धीरे.
मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय ओढत.
सांगावं.
सांगू नये.
क्लच सांभाळावा.

डांबर लागलं तेव्हा त्यानं लसणाची एक जुडी
कॅरिअरला बांधली. पैसे घेईना.
टाकीवर धूळ बोटभर.
तिच्यावर मी लिहिलं: भेरूलाल.
मात्रा जरा जास्तच मोठी झाली.

त्यानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
मग वाकून टाकीला कान लावला, गाडी थोडी हलवली,
आणि म्हणाला,
पेट्रोल पुरेल ना, घरापर्यंत?