ठसा

लिपारीच्या पांढऱ्या डोंगरात
ओनोफ्रिओनं एकतीस वर्षं
शिळ्या पावासारखा जाळीदार दगड
फोडला, चाळला, बोटीवर चढवला.
पुढे कुणाच्या टाचा, कुणाच्या विटवलेल्या जीन्स,
त्याला काय ठाऊक.

आज ओळखपत्राच्या खिडकीत
यंत्र त्याचं बोट घेईना.
"जरा पुसा," पोरगी म्हणाली.
विजारीला पुसलं. पुन्हा पुसलं.
"पुसूनच तर गेलंय, बाई."
ती हसली नाही. फॉर्म बदलून दिला.

घरी नुंत्सिया
मासळीचा करपलेला तवा घासत होती,
त्याच दगडानं,
चिमूटभर राख लावून.
"झालं का काम?"

दगड निसटून बादलीत पडला
नि तरंगत राहिला.
ओनोफ्रिओनं तो त्याच बोटानं
तळाशी दाबून धरला
बराच वेळ.
सोडला.
आला वर.