प्रॉम्प्टर

मनामातल्या शाळेचं सभागृह, शुक्रवारची तालीम,
एसीचा गारठा, आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी.
बेहेरे आठवडाभर तेल-कंपनीचे हिशेब तपासतात,
इथे ऑर्गनवर बसले की पायांनी श्वास घेतात.
मी विंगेत, स्टुलावर, मांडीवर वही.
माझ्या वाट्याला एकही वाक्य नाही,
म्हणून मला सगळ्यांची पाठ आहेत.

नाटक आजोबांच्या काळातलं.
बाप सावकाराला मुलगी देतो
आणि कर्जाची चिठ्ठी परत घेतो.
कमिटीत कुणी म्हणालं, "आता कोण असं वागतं?
उपदेश शिळा, पदं मात्र ताजी."
भाषणं कापायची ठरली. कापली मीच, लाल पेनानं.
एक वाक्य तेवढं राहून गेलं,
पाटावर बसण्याआधी मुलगी विचारते,
"चिठ्ठीवर तुमची सही, त्यांची सही.
माझा अंगठा कुठाय?"

मुलगी म्हणजे आमची ऋजुता, दातांची डॉक्टर.
दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते,
नेमकं या वाक्याला तिचंच मिटतं.
आठ शुक्रवार मी ते कुजबुजले,
आठ शुक्रवार मागच्या टेबलावर
सिरियानी शालूला इस्त्री करत होती.

सिरियानी आमच्याकडे चार वर्षं आहे.
तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात, शालींखाली.
हरवू नये म्हणून,
असं मी तिला सांगितलं होतं. मलाही.

प्रयोगाच्या रात्री ऋजुता पुन्हा अडकली.
बेहेऱ्यांनी सूर धरून ठेवला, धरूनच ठेवला.
माझं पान उलटलं गेलं होतं, बोट ओळ शोधत होतं,
तेवढ्यात समोरच्या विंगेतून
हातावर शालू घेतलेली सिरियानी हळूच म्हणाली,
"माजा अंगटा कुटे?"

ऋजुतानं ते उचललं, आणि असं म्हणाली
की पहिल्या रांगेतल्या बायका खोकायच्या थांबल्या.
मग पद. मग वन्स मोअर. दुसरा वन्स मोअर
दरवान घड्याळ दाखवत उभा राहिला म्हणून राहिला.

परतताना, मुहर्रकच्या पुलावर मी विचारलं,
"काय बोललीस, कळलं का तुला?"
"नाही मॅडम. रोज विचारते ना ती,
मला वाटलं, तिचं काहीतरी हरवलंय."

पुढे दोन सिग्नल लाल होते. दोघी गप्प.

त्या रात्री मी शाली उचलल्या.
डांबरगोळ्यांचा वास, त्याखाली ते लालसर पुस्तक,
आतल्या फोटोत तिचे केस अजून काळे.
इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, तिला दिसेल असं,
आणि मोठं काही केल्यासारखी झोपले.

सकाळी ते पुन्हा शालींखाली होतं,
कडा जुळवून, नीट.
मॅडम बाहेर विसरल्या, असं वाटलं असणार तिला.

म्हणजे आता हे तोंडानं सांगावं लागणार,
उजेडात, तिच्याकडे बघून.
स्वयंपाकघरात चहा उकळतोय.
मी दारात उभी आहे,
आणि इतकी वर्षं कुजबुजून
माझा आवाज केवढा आहे, मलाच माहीत नाही.